खालची तीन बटणं

मी सासूबाईंच्या फोनमधली खालची तीन बटणं काढून टाकली. त्यांनी सांगितलं होतं एवढंच, की अक्षरं जरा मोठी करून द्या.

अक्षरं केली मोठी. पण सेटिंगमध्ये शिरलोच होतो, तर हात शिवशिवले. माझा धंदाच तो. ॲपमध्ये कुठलं बटण कुठे असावं हे ठरवायचा मला कोरमंगलातल्या एका कंपनीत पगार मिळतो. खरं तर मी काहीच ठरवत नाही. एका खिशात आयफोन, दुसऱ्यात अँड्रॉइड घेऊन हिंडतो आणि याचं त्याला, त्याचं याला चिकटवतो. ते दोघे तरी दुसरं काय करतात? परीक्षेत एकाच बाकावर बसून एकमेकांच्या पेपरात डोकावणारी दोन पोरं असतात ना, तसे. वरून खाली ओढायचा सूचनांचा पडदा याने त्याचा घेतला. बटणं काढून तळाशी बारीक रेघ ठेवायची, हे त्याने याचं घेतलं. आणि दर वेळी आमचा बॉस विचारतो, "त्यांच्याकडे आलंय, आपल्याकडे कधी?" मग आम्ही पुन्हा सगळं आखायला बसतो. पूर्वी मजा यायची. आता फक्त अंगठा दुखतो.

असल्याच एका दिवसानंतर सासूबाईंचा फोन हातात आला आणि तळाशी ती तीन बटणं दिसली. डोळ्यांना खुपली. काढली. त्यांना सांगायचंही राहून गेलं.

सासूबाई नागपूरच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे जयनगरला आल्या, आणि कित्येक महिने कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंतसुद्धा एकट्या गेल्या नाहीत. मग मेट्रो जमली. फोनवर तिकीट काढायचं, चिकपेटला उतरायचं, दुकानांमधून ब्लाउजपिसं उलटीपालटी करत, बरं-बरं म्हणायला कन्नडात 'सरी, सरी' म्हणत दुपार घालवायची. घरी आल्यावर त्यांचा आवाजच वेगळा लागायचा.

त्या दिवशी त्या गेल्या आणि तासाभरात रिक्षाने परत आल्या. पिशवी रिकामी. चिकपेटला बाहेर पडताना तिकीट पुन्हा दाखवावं लागतं. वाटेत बहिणीचा मेसेज वाचत बसल्या होत्या. एरवी चौकोनी बटण दाबलं की मागचं तिकीट वर यायचं, हे त्यांनी पाठ केलेलं. चौकोनच नाही! बोट फिरवतील तसं भलतंच उघडायला लागलं, मागे रांग वाढली, कुणीतरी "अम्मा, स्वल्प बेग" म्हणून घाई करायला लागलं. शेवटी मेट्रोच्या बाईंनी त्यांना बाजूच्या फाटकातून सोडलं.

"सगळे माह्याकडेच पाहून राहिले होते," त्या म्हणाल्या आणि फोन फ्रिजवर पालथा ठेवला. "आता मी घरीच बरी."

बायको माझ्याकडे बघत होती. "किती दिवसांनी ती एकटी बाहेर पडायला लागली होती. आणि तू?"

मी समजावायला गेलो. तेही चुकलंच. "आई, आता सगळीकडे असंच आहे. आधी आयफोनने बटण काढलं, मग यांनी काढली."

"त्यांनी काढलं म्हणून यांनी काढलं," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तुम्ही काढलं?"

"हो."

"अन् मले काहून नाही विचारलं जी?"

आमच्या ऑफिसात इतक्या मीटिंगा होतात. हा प्रश्न काही कुणी काढल्याचं आठवत नाही.

बटणं परत आणली. तर ती उलटी बसली, मागे जायचं बटण डावीकडचं उजवीकडे. त्यांनी एका नजरेत ओळखलं. मी पुन्हा सेटिंगमध्ये. पण फोन नीट झाला तरी त्या बाहेर पडेनात. पिशवी खुंटीला तशीच. शेवटी शनिवारी मीच म्हटलं, चला, मी येतो सोबत.

मेट्रोत त्या फोन दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. मला ऑफिसातून मेसेज: अँड्रॉइडवाल्यांनी नवं काय केलंय पाहिलंस का, सोमवारी बोलू. मी ते पाहत बसलो.

चिकपेट. सासूबाई पुढे. फाटकापाशी क्षणभर थांबल्या, चौकोन दाबला, तिकीट वर आलं, दार उघडलं. पार झाल्या. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

मग मी. माझं तिकीट आयफोनवर, आणि समोर अजून तो मेसेज. मागे जायला मी अंगठा उजव्या कडेवरून आत ओढला. दुसऱ्या खिशातल्या फोनवर असं चालतं. याच्यावर नाही. पुन्हा ओढला. एवढं एकमेकांचं उचललं, नेमकं हेच कसं राहिलं, असा विचार करत मी तिसऱ्यांदाही तेच केलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, स्वल्प बेग."

फाटकाच्या पलीकडे सासूबाई पिशवी काखेत मारून उभ्या होत्या. बराच वेळ त्यांनी माझी गंमत बघितली.

"जावईबापू," त्या तिथूनच ओरडल्या, "पुढच्या वेळेस मी एकटीच येत जाईन. तुम्हाले सांभाळत फिरणं नाही होत माह्याच्यानं!"