दोन सुनीता पटेल

"दोघींची जन्मतारीख एक जुलैच? मग डुप्लिकेटच आहे, मॅडम. होऊ द्या मर्ज," अमोल म्हणाला.

"नाही होऊ देणार."

अमोल आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, नागपूरहून नुकताच जबलपूरला आलेला. राइट टाउनच्या आमच्या ऑफिसात एका हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर चालू होतं. टेस्टिंग माझ्याकडे. एकाच पेशंटची दोन-दोन कार्डं एकत्र करायचा, म्हणजे मर्जचा, प्रोग्रॅम त्या दिवशी चालवायचा होता. माझी मंजुरी बाकी होती. अडलं होतं सुनीता पटेल नावाच्या दोन कार्डांवर.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कार्ड म्हणजे एक ऑब्जेक्ट. आपण काही सांगितलं नाही, तर कॉम्प्युटर प्रत्येक ऑब्जेक्ट वेगळाच धरतो. कोणते दोन सारखे मानायचे, तो नियम आपण लिहायचा. त्याला इक्वल्स म्हणतात. अमोलचा नियम होता: नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच.

"तारीखही जुळून राहिली, तरी काहून अडून राहिल्या तुम्ही?"

"इकडे जन्मतारीख माहीत नसली की शाळेत मास्तर साल अंदाजानं धरून एक जुलै लिहून टाकायचे. सत्र तेव्हाच सुरू व्हायचं. माझ्या सासूबाईंची एक जुलै, त्यांच्या दोन्ही बहिणींचीही एक जुलै."

"अच्छा, म्हणजे तिळ्या."

मी हसले नाही. टेस्ट कॉपीवर मर्ज चालवून दाखवलं. जुन्या कार्डावरच्या सुनीताला पेनिसिलिनची ॲलर्जी होती. मर्जनंतर नवं कार्ड उरलं. ॲलर्जीची नोंद गेली.

"अशी एखादीच केस. क्लायंटला आजचा शब्द दिला आहे. तुम्ही नाही म्हटलं तर दुसऱ्याकडून मंजुरी घेतो."

"घ्या. तोवर मी क्लायंटशी बोलते."

त्याच्यासमोरच हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एक सुनीता पटेल तो आज ही मेरे वार्ड में भर्ती हुई हैं. एलर्जी वाली कौन सी हैं, दीदी?"

मी नोंदणी क्रमांक वाचून दाखवला.

"यही हैं. मर्ज मत चलाइए."



नियम बदलला. आता नोंदणी क्रमांक जुळला तरच कार्ड एक. नुसतं नाव आणि तारीख जुळली, तर प्रोग्रॅम थांबतो आणि काउंटरवरच्या माणसाला विचारतो. मी त्याला डावलून क्लायंटला फोन केला, अशी अमोलनं वर तक्रार केली. पुढचा प्रोजेक्ट माझ्याकडून गेला. अशी वेळ आली तर पुन्हा फोन करीन, असं मी उत्तरात कळवलं.

दोन माणसं एकच आहेत, हे ठरवणारी ओळ घाईत लिहू नये. ती चुकली, तर तक्रार करायला दोघांतला एकच उरतो.