पेंढ्याचं रेडकू

"मंत्रीणबाई मेल्या की काय? मागं या! सांभाळा आपलं खातं!"

गुरुजी असे ओरडले की शाळेसमोरच्या माडावरून दोन नारळ पडले. एक मी स्वतः पाहिला. दुसऱ्याची शपथ घेणार नाही.

शाळेच्या मागं फणसाखाली रेडकू मरून पडलं होतं. पोट फुगलेलं. डोळ्यांवर माशा. सगळी शाळा नाक दाबून लांब उभी. कुणीतरी मला मागून काठीनं ढोसलं.

"जा गो, तुमचा जेवाण इला."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं खोताचा पुतण्या. तो आमचा पंतप्रधान.

हे मंत्रिमंडळ ही गुरुजींची करामत. देश नवा नवा स्वतंत्र झालेला. मुलांना नागरिक करायचं म्हणून शाळेत सरकार स्थापन झालं. आणि महारवाडीतली मी एकटी पोर, तर मला एकमतानं स्वच्छतामंत्री केलं. एकमत म्हणजे गुरुजींचं एक मत. आईला इतका आनंद झाला की ती वाडीभर साखर वाटायला निघाली. घरात साखर नव्हती, म्हणून नुसतीच बातमी वाटून आली.

माझं खातं म्हणजे अंगण झाडणं, मुतारी धुणं, आणि मग दाराबाहेरच्या पोत्यावर बसून आतला धडा ऐकणं. कुरकुर केली की गुरुजी नागरिकशास्त्र काढायचे. "हक्क आणि कर्तव्य ही रथाची दोन चाकं. कुठलंच काम हलकं नसतं. पटलं ना?" देवळात गाऱ्हाणं घातलं की सारा गाव ओरडतो, तसा वर्ग एका सुरात ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" पोत्यावरून मीही ओरडायची. आमच्या वाडीत तो रथ एकाच चाकावर यायचा, हे मला दिसत होतं. तरी ओरडायची.

आता रेडकू कशानं मेलं ते ऐका. भुकेनं. गुरुजींचं बिऱ्हाड शाळेच्याच मागच्या खोलीत. म्हैस त्यांची, रेडकू त्यांचंच. मादी असती तर वाढवली असती. हा निघाला नर. नराला दूध पाजून काय मिळणार? त्याला सडाला लावायचं, पान्हा फुटला की ओढून बाजूला बांधायचं. मुतारी धुताना मी रोज बघायची. शेवटी शेवटी ते भिंतीचा चुना चाटत होतं. सगळ्या भूतांवर दया करावी, हा धडा त्याच भिंतीच्या अलीकडे चालायचा.

"ओढून ने," गुरुजी म्हणाले. "आणि बापाला सांग, कातडं सोलून, आत पेंढा भरून संध्याकाळपर्यंत इथं आणून उभं कर. नाहीतर म्हैस दूध चोरेल."

असं पेंढा भरलेलं रेडकू मी पाहिलं होतं. डोळ्यांच्या जागी भोकं. म्हैस त्याला जिभेनं चाटते, आपलंच समजते आणि पान्हा सोडते.

मी म्हटलं, "बाबान ढोरां ओढूची सोडल्यान, गुरुजी."

"सोडली? मग गावानं मढी पुजायची? नागरिक म्हणजे नुसते हक्क मागणारे नव्हेत!"

"मग पंतप्रधानांका मागचे पाय धरूक सांगा. पुढचे मी धरतंय."

छडी आली ती सरळ कपाळावर. गुरुजी मला मारायचे तेही लांबून, फेकून. छडीला विटाळ होत नाही. रक्त नाकावर आलं, आणि ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत हे रेडकू इथून हललं नाही, तर तुझं नाव पटावरून हललं म्हणून समज."

सातवीची परीक्षा तोंडावर होती. त्या काळी सातवी पास झालं की मास्तरीण होता यायचं. आमच्या अख्ख्या वाडीत सातवीच्या दारापर्यंत पोचलेली मी पहिली.

घरी पळाले. आमच्या वाडीनं त्याच वर्षी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं होतं. बाबानं आपली सोलायची सुरी खाडीत अशी भिरकावली होती की ती थेट गोव्याच्या हद्दीत पडली आणि पोर्तुगीजांनी तोफा वळवल्या. मीच ही गोष्ट सगळीकडे सांगायची. दर वेळी एक तोफ वाढायची. पण त्यानंतर गावानं बाबाचं काम बंद केलं, धान्य बंद केलं. आई खाडीच्या चिखलात हात घालून कालवं काढायची, बोटं कापून घ्यायची. त्यावर आम्ही जगत होतो. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

ऐकून आई माझ्या पायांशीच बसली. "ओढ गो बाय. एक रेडकू ता. शाळा तरी रवात."

बाबा उठला. खुंटीवरचं फडकं डोक्याला गुंडाळलं.

"खंय चललंस?" आईनं विचारलं.

"सुरी मागूक."

एवढंच. ज्या माणसाच्या सुरीवर मी तोफा वळवल्या होत्या, तो शेजारच्या वाडीत सुरी मागायला निघाला होता. माझ्यासाठी. पाठ वाकवून. ती पाठ बघितली आणि वाटलं, ते मंत्रिपद म्हणजे पेंढ्याचं रेडकू. माझ्या बापापुढे आणून उभं केलेलं. आणि बाप चाटतोय. पान्हा सोडतोय.

मी दारात आडवी झाले. "बाबा, तू गेलंस तर मी शाळेत पाय ठेवूचंय नाय. कधीच नाय."

"बाजूक हो गो. तुझी सातवी."

"नको माका सातवी."

नको होती? जीव जात होता तिच्यासाठी. पण मी उठले नाही. बाबानं फडकं सोडलं, त्यात तोंड घातलं, आणि त्याचा आवाज ऐकवेना म्हणून मी शाळेकडे चालू लागले. एकटी.

शाळा सुटत होती. रेडकू तिथंच. म्हैस दावं तोडायला बघत होती, हंबरून हंबरून तिचा घसा बसला होता.

"बाप कुठाय?" गुरुजी पायरीवरून म्हणाले.

"येवचो नाय."

"आणि तू?"

"मी पण नाय."

"तुला मंत्री केलं. शाळेत घेतलं. हे उपकार तरी आठव. कर्तव्यापुढं मान-अपमान बघायचा नसतो. पटतं ना?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. जिभेवर "व्हय म्हाराजा" आपोआप आलं होतं, सवयच ती. गिळलं. मी पोतं उचललं, झटकलं आणि काखेत मारलं. पोतं आमच्या घरचं होतं.

नाव निघालं. सातवी गेली ती गेलीच, तिच्यावर काही तोफा वळवता येत नाहीत. पण त्या दिवसापासून मी ठरवलं, कर्तव्य हा शब्द कुणीही काढला, की आधी विचारायचं: कुणाचं?

फाटकाशी पोचले तेव्हा वारा फिरला आणि वास थेट गुरुजींच्या खोलीत शिरला. त्यांची शुद्ध मराठी तिथंच सुटली.

"अगो! मगे ह्या रेडकू ओढतलो कोण?"

मी वळलेसुद्धा नाही.

"ज्याचा आसा, तो."