माझ्या नावानं बस

कॉलेजच्या तळमजल्यावर, इंटरनेटच्या यंत्रांच्या गार खोलीत, ती यंत्रं सांभाळणाऱ्या मावशी बावीस वर्षं बसत होत्या. दुपारी पंख्यांची घरघर ऐकता ऐकता डोळे अर्धे मिटायचे. समोरचे हिरवे दिवे लुकलुकत राहायचे आणि त्यांना वाटायचं, अख्ख्या कॉलेजातल्या पोरापोरींचं मनातलं बोलणं आपल्या उशाशी वाहतंय. कोण काय लिहितं हे मात्र त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही. "दुसऱ्याचं पत्र वाचू नये, एवढं आईनं शिकवलंय," म्हणायच्या.

ज्यानं त्यानं आपलाच पासवर्ड वापरायचा, असा नियम. पण पासवर्ड विसरलेलं कुणी रडवेलं तोंड करून आलं, की मावशी विरघळल्याच म्हणून समजा. "घे, माझ्या नावानं बस," म्हणत स्वतःचा पासवर्ड टाकून द्यायच्या. कायदेबियदे त्यांच्या गावीही नसत.

तेच एक दिवस अंगाशी आलं. एका प्राध्यापकांची वकिली नोटीस आली. कॉलेजच्या इंटरनेटवरून कुणीतरी निनावी मजकूर टाकून आपली बदनामी केली आहे, त्याचं नाव द्या. नोंदी उघडल्या, तर नाव निघालं मावशींचं!

प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी, निवृत्तीला सहा महिने उरलेत. कोण बसलं होतं ते सांगा आणि मोकळ्या व्हा."

मावशींना ती मुलगी लख्ख आठवत होती. पहिल्या वर्षाची, बॅगेचा पट्टा पिळत बसलेली.

कॉलेजचे वकील म्हणाले, "नुसत्या नोटिशीवर नाव द्यायचं बंधन नाही. कोर्टानं मागितलं तर द्यावं लागेल. पण तोवर सगळं तुमच्यावर शेकेल."

"आधी मला वाचू तर द्या," मावशी म्हणाल्या.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याचं लिहिलेलं वाचलं. सर खोलीचं दार लावून घेतात, गुणांची भीती घालतात, हात धरतात. वाचता वाचता सरांच्या खोलीबाहेरचा व्हरांडा डोळ्यांसमोर आला. गेल्या वर्षी वायर दुरुस्तीला गेल्या होत्या तिथे. बंद दारामागून "सर, सोडा ना" असं ऐकू आलं होतं. आपल्याला काय करायचंय, म्हणून त्या शिडी उचलून खाली आल्या होत्या आणि चांगली डुलकी काढली होती. मावशींना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"मुलीचं नाव मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "कोर्ट विचारेल तेव्हा बघू. पण सरांची चौकशी लावा, आणि पहिली साक्षीदार म्हणून मला घ्या."

"तुम्हाला? तुम्ही काय पाहिलंत?"

"पाहिलं नाही. ऐकलं, आणि निघून गेले. तेही लिहा."