पॅरिसवाली आणि उडदाचे पापड

माझं माहेर नगर शहरातलं, आणि पापड लाटायची अक्कल मला देवानं दिलेली नाही. नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्याच्या तोंडावर मी लग्न होऊन कोल्हारला आले. आमच्या आळीत पापड कोणी एकटीनं करत नसे. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जी दुसऱ्यांकडे लाटायला जाईल, तिच्याकडे बाकीच्या येणार. पहिल्याच दिवशी माझा पापड हातात धरून शेजारच्या काकू म्हणाल्या, "ह्यो पापड हाय का म्हाराष्ट्राचा नकाशा?" सगळ्या हसल्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाल्या, "आपल्याकडं कोन येनार आता?"

दुसऱ्या दिवशी मी लाटण्याऐवजी कादंबरी घेऊन गेले. लेखिका पॅरिसमध्ये राहणारी, घराणं मूळचं आर्मेनियाचं. मराठी अनुवाद मी माहेरून आणला होता. लाटता येत नाही तर निदान वाचून दाखवते, म्हटलं.

"आर्मेनिया म्हंजी कुठं आलं? मनमाडच्या पुढं?" काकूंनी विचारलं.

"बरंच पुढं," मी म्हणाले.

गोष्ट होती देश सोडून फ्रान्समध्ये आलेल्या एका नव्या सुनेची. तिला तिथली भाषा येत नाही, तिथला स्वयंपाक येत नाही, आणि सासू कडक. पहिलं प्रकरण संपेपर्यंत आळीत दोन तट पडले. माझ्या सासूबाई अर्थातच सासूच्या बाजूच्या. "सुनंला काय येईना, त्यात सासूचा काय गुन्हा?" असं म्हणून त्या माझ्याकडे बघत. मीही मग त्या सासूचे संवाद थेट त्यांच्याच सुरात वाचायचे. बायका तोंडाला पदर लावायच्या.

लेखिकेचं नाव कोणालाच धड म्हणता येईना, म्हणून ती झाली पॅरिसवाली. बघता बघता ती गावात गाजली. टीव्हीवरची दुपारची मालिका सोडून बायका यायला लागल्या, पलीकडच्या आळीतून निरोप आले, पिठाच्या गिरणीत लोक मला अडवून पुढं काय झालं ते विचारू लागले. काकूंनी तर न्यायच करून टाकला. "पॅरिसवालीनं समद्यांच्या घरी हजेरी लावली. आता आपन तिच्याकडं जायला पायजे पापड लाटाया." यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. पॅरिसात उडीद मिळतात का, एवढंच कोणाला माहीत नव्हतं.

आमचा नंबर सगळ्यात शेवटी होता आणि कादंबरी संपली नेमकी आदल्या दिवशी. सून शिवणाचं दुकान काढते, सासू गल्ल्यावर बसते. ते ऐकून बायका डोळे पुसत घरी गेल्या. वाचायला काही उरलं नव्हतं, आणि लाटण्यात तर मी जमेतच नव्हते. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "थोडंच पीठ भिजवते. दोघींनीच लाटायचं हाय." त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पीठ मळून होतंय तोच दारात चपलांचा ढीग झाला. पोळपाट-लाटणी घेऊन सगळ्या हजर, वर पलीकडच्या आळीतल्या दोघी.

"काकू, पुस्तक तर संपलं," मी म्हणाले.

"पुस्तक संपलं म्हनून तुझं घर संपलं व्हय? सरक, बसू दे."

मला एकदम रडू फुटलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. पीठ कमी पडणार म्हणून सासूबाई घाईघाईनं डबा उघडत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "परातीपासून लांब बसून रड. मीठ मी आधीच घातलंय."