मायला दोनदा माती दिली

माझ्या मायला एकाच दिवशी दोनदा पुरलं. दिवाळीनंतरचे दिवस होते, धानाची कापणी चालू होती. मी अकरा वर्षांची होते.

माय पहाटे तापानं गेली. दुपारच्या आत आम्ही तिला तलावाच्या पाळीखालच्या मसणवटीत माती दिली. त्रिशरण झालं. डोक्याशी मोठा दगड, पायाशी लहान दगड, वर तिची जर्मनची ताटली. ताटलीला बाबांनी खिळ्यानं भोक पाडलं होतं. आमच्या टोलीत, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत, मेलेल्याची ताटली भोक पाडूनच ठेवत. मग ती कोणी उचलून वापरत नाही.

माणसं हातपाय धुवायला निघाली तेव्हा मालक आले. मालक म्हणजे गावच्या जुन्या मालगुजाराचा मुलगा. पाळीखालची धानाची सगळी शेती, सगळ्या बांध्या त्यांच्या. टोलीतली सगळी माणसं त्यांच्याकडे राबायची. मोटरसायकलवरून उतरून त्यांनी डोक्याकडचा दगड पायानं लोटला.

"उकरा."

बाबांनी हात जोडले.

"हा माझा धुरा हाय, माझ्या वावराची हद्द. जित्ती होती तवा माझ्या बांधीत राबली, ठीक हाय. मेल्यावर बी माझ्याच वावरात राहाची हाय का तिले?"

सोबतचे दोन गडी हसले.

चौघांनी माती काढली. वरवरची फावड्यानं, मग हातानं. फावडं मायला लागलं असतं. चादर सरकली. मायच्या भुवयांत माती होती. मी पुसायला वाकले तसे मालक म्हणाले,

"ए पोरी, बाजूले हो. ते ताटली उचल."

मी ताटली उचलली.

चाळीस पावलं खाली, पावसाळ्यात पाणी साचतं तिथे दुसरा खड्डा खणला. बाबांनी त्रिशरण सुरू केलं. ते अर्ध्यावरच राहिलं. पहिला खड्डा मालकांनी बाबांकडूनच बुजवून घेतला. मग म्हणाले, "आता म्हन, चूक झाली." बाबा म्हणाले. "मोठ्यानं." बाबा मोठ्यानं म्हणाले.

तीन दिवसांनी बाबा त्याच बांधीत कापणीला गेले. मला चल म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी मारलं. मी गेले नाही. त्यानंतर त्या माणसाच्या शेतात मी मजुरीला कधीच गेले नाही.

आज मी बेचाळीस वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी एका दैनिकाची बातमीदार आहे. बाबा वारले. मी बारावीत असताना तलावाची पाळ फुटली आणि टोली रस्त्याकडेला हलली. नव्या टोलीला नवी मसणवट मिळाली. जुन्या मसणवटीकडे कोणी फिरकेना. तिथे रायमुनियाची झुडपं छातीएवढी वाढली.

मागच्या उन्हाळ्यात तहसीलमध्ये एक अर्ज वाचायला मिळाला. मालकांच्या राईस मिलला धान ठेवायला जागा हवी होती. मागितलेली जागा हीच. सरकारी कागदात तिची नोंद झुडपी जंगल, म्हणजे सरकारी जमीन, अशी आहे; मालकांची ती कधीच नव्हती. अर्जात लिहिलं होतं: सदर जागेत पूर्वी मृत जनावरे पुरण्यात येत, मनुष्याचे दफन झालेले नाही.

ते वाक्य मी वहीत उतरवलं. बातमी केली नाही. टोलीच्या सह्या घेऊन हरकत नोंदवली आणि जागेवर मोजणी, पंचनामा व्हावा असा अर्ज दिला. तारीख मिळाली. तारखेच्या आधी आमची मोजणी आम्ही करून ठेवायची ठरवली.

त्यासाठी यशोदाबाईला सोबत घेतलं. यशोदाबाई ऐंशीच्या घरात आहे. टोलीतल्या मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ तीच घालायची. टोलीतल्या दोघा जणांनी झुडपं कापली. मी टेप धरला, चुन्याची फक्की टाकली, पत्र्याच्या तुकड्यांवर आकडे रंगवले. यशोदाबाई काठी टेकत पुढे चालत होती आणि नावं सांगत होती.

"हे गिरजा. हे तिची सवत. दोघीईले मुद्दाम लांब लांब पुरलं. नाई तं इथीबी भांडल्या असत्या."

"आणि हे?"

"हे माही सासू. हिच्यावर चुना जरा जास्त टाक बाई. लय पांढरी दिसाची हौस होती तिले."

दोन दिवसांत त्रेचाळीस थडगी मोजली. अकरा थडग्यांची लांबी हातभर. त्यांची नावं यशोदाबाईलाही आठवली नाहीत. एकोणीस ठिकाणी भोक पाडलेली ताटली मातीत सापडली. मायचा आकडा बत्तीस. तो पत्रा मी स्वतः रोवला. यशोदाबाई म्हणाली, "रड ना." मी म्हटलं, "मोजणी झाल्यावर."

पंचनाम्याला भूकरमापक, तलाठी आणि पाच पंच आले. मालक आले, सोबत मुलगा. मालक आता पंच्याहत्तर वर्षांचे. त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली होती. टोलीतली तीसेक माणसं उन्हात उभी होती.

तलाठ्यानं विचारलं. मालक म्हणाले, "मानूस नाई पुरला इथी. ढोरं पुरली."

यशोदाबाई म्हणाली, "मालक, ढोराच्या उशाले दगड कोन ठेवते? अन् तुमच्या घरची ढोरं ताटलीत जेवत होती का?"

माणसं हसली. मालकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मुलगा तलाठ्याला म्हणाला, "दगड काय, कोणीही आणून ठेवतं. ताटल्याही ठेवता येतात. मोजणीच्या आधी हे लोक दोन दिवस इथेच होते." तलाठ्यानं मान हलवली. ते खरं होतं. दोन दिवस आधी जाऊन आम्ही चूक केली होती.

आता एकच गोष्ट उरली होती. एकोणीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारते आहे. गर्विष्ठ माणसाला, तुम्ही हे केलं का, असं विचारायचं नसतं. तुमच्याच्यानं हे झालं नसतं, असं म्हणायचं असतं.

मी खुर्चीसमोर गेले. म्हटलं, "मालक, माझी माय इथे पुरली होती. तिला उकरून काढलं. पण बाबा म्हणायचे, त्या दिवशी तुम्ही आलाच नव्हता. गड्यांना पाठवून तुम्ही घरी बसलात. टोलीतली पन्नास माणसं जमली होती, तुम्ही भ्यालात."

बाबा असं कधीच म्हणाले नव्हते.

मालक खुर्चीतून उठले. मुलानं बाही धरली, ती त्यांनी झटकली.

"कोन भ्याला? तुह्या बापाले भेवाचं होतं का मले? मी सोता उभा होतो इथी. सोता. त्या मोहाच्या झाडापासून चार हात. तुह्या मायले काढाले लावलं अन् खाली नेऊन पुराले लावलं. तुह्या बापानं हात जोडले माह्यापुढं. विचार ह्या बुढीले!"

यशोदाबाई म्हणाली, "खरं हाय, मालक. तुमीच होते."

तलाठ्याचा पेन थांबला होता. मी म्हटलं, "भाऊ, लिहा. जसं बोलले तसं लिहा."

त्यानं लिहिलं. वाचून दाखवलं. मुलगा वडिलांच्या कानाशी लागला, सही करू नका म्हणाला. मी म्हटलं, "नका करू. भीती वाटत असेल तर राहू द्या."

मालकांनी सही केली. भूकरमापकानं मोहाच्या झाडापासून अंतर घेतलं आणि नकाशात खूण केली. पाच पंचांच्या सह्या झाल्या. त्यातल्या दोघांची शेती मालकांच्या शेतीला लागून आहे. त्यांनीही केल्या.

आठवड्यानं मालकांचा मुलगा माझ्याकडे आला. पहिल्यांदाच मला ताई म्हणाला. "ताई, बाबांचं वय झालं. त्यांना काही आठवत नाही. त्या दिवशी रागात काहीतरी बोलले. तुम्ही पेपरवाल्या आहात, समजून घ्या."

मी म्हटलं, "वडिलांना आठवत नाही, असं लिहून द्या. त्यांच्या फोटोसह छापते."

त्यानं लिहून दिलं नाही.

पंचनाम्याची नक्कल जोडून मी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. इतक्या वर्षांनी गुन्हा टिकणार नाही, असं वकील म्हणाले. मी म्हटलं, टिकेल तितका टिकवा. मालकांना कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेलं मला पाहायचं आहे. नाव पुकारलं की उठून उभं राहिलेलं पाहायचं आहे. हे सगळं त्यांच्या हयातीत व्हावं, एवढीच मला घाई आहे.

जागेसाठीचा अर्ज तहसीलनं नामंजूर केला. तक्रार मागे घ्या, असं सांगायला आतापर्यंत चार जण येऊन गेले. त्यातले दोन आमच्याच टोलीतले होते.

तक्रार मागे घेतलेली नाही.