नियमाने भांडणारा शेजारी

नीट भांडता येणारा एकच माणूस आजवर या भूतलावर जन्माला आला आणि तो पिंपळे सौदागरला माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. हिंजवडीच्या एका कंपनीत तो संगणकातल्या प्रोग्रॅमांना आपसांत वाद घालायला शिकवतो. त्यांच्यावर कोणी साहेब नाही. प्रत्येक जण आपल्या मालकाची बाजू धरून बसलेला. मग कोणी केव्हा बोलायचं, कारण कधी मागायचं, हार कशी मानायची, हे नियम हा ठरवतो. "भाऊ, माणसं भांडण संपवतच नाहीत. माझे प्रोग्रॅम संपवतात," हे मला लिफ्टमध्ये अडवून त्याने निदान पन्नासदा ऐकवलंय. कुत्र्यांना लिफ्टमध्ये घ्यावं का, यावरच्या सोसायटीच्या सभेत त्याने हेच नियम लावले. वीस मिनिटांत निकाल लागला आणि लोक इतके हिरमुसले की पुढच्या सभेचं त्याला कोणी कळवलंच नाही. घरी दुधी पुन्हा का केला, याचं त्याने रीतसर कारण मागितलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, कारण फ्रीजमध्ये आहे. उघडा आणि बघा."

त्याला पुरून उरले ते एकटे त्याचे वडील. अण्णा चाकणला कारखान्यात फिटर होते. बायको गेल्यावरही तिथल्याच दोन खोल्यांत राहिले. त्यांना इकडे आणायचं म्हणून हा वर्षभर दर रविवारी मुद्दे लिहून चाकणला जायचा. एकदोनदा मीही सोबत गेलो. अण्णा शांतपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "पटलं बाबा तुजं. पर मी येत न्हाई." मान्य केलं की तसंच वागायचं, हा याचा पहिला नियम. प्रोग्रॅम तो निमूट पाळायचे. मान्य करूनही जागचं न हलणारा गडी त्याच्या वहीतच नव्हता. परतताना ट्रॅफिकमध्ये तो नवं कलम जुळवत बसायचा, आणि मला त्याची गंमतही वाटायची, कीवही यायची.

गेल्या रविवारी गेलो तर अण्णा ओट्यावर पिशवी भरून बसलेले. कोपर खरचटलेलं.

"अण्णा, मी अजून काही बोललोच नाही," हा गोंधळून म्हणाला.

"नको बोलू. काल न्हाणीत पडलो. लई हाका मारल्या, कुणाला ऐकूच गेल्या न्हाईत. चल."

वर्षभराचा वाद जिंकलेला तो माणूस खाली बसला आणि अण्णांचे पाय एकेक करून चपलेत घालू लागला.