सोडियमचं चित्र आणि आळणी डब्बा

तुळशीरामला दोघांनी दोन्हीकडून धरून आत आणलं. एकीकडे बायको शकुनबाई, दुसरीकडे थोरले भाऊ खेमराज. हात थरथरत होते, जीभ जड झाली होती, पाय भलतीकडे पडत होते. सकाळपासून दोन-तीन उलट्याही झाल्या होत्या.

“दारूचा थेंब नाही घेतला, तरी डुलून राहिला,” खेमराजभाऊ म्हणाले. “तुमची गोळी बंद करा, साहेब.”

मी गोंदियात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. तुळशीराम तिरोड्याकडचा, धानाची शेती करणारा. आजार बायपोलर. म्हणजे मन कधी आभाळाला टेकतं, कधी विहिरीच्या तळाशी जातं. आभाळाला टेकलं तेव्हा त्यानं बोदलकसा तलावाचं पाणी थेट अंगणात आणायचं ठरवलं आणि चार दिवस न झोपता चर खणला. तळाशी गेलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसला. शकुनबाईंनी तेव्हा घरातले दोर, बैलांचे कासरेसुद्धा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवले होते. कासरे का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लिथियमची गोळी सुरू केल्यावर आठ महिने माणूस ठीक होता. शेतात जात होता, पोरीशी बोलत होता. आणि आता हे.

ही लक्षणं रक्तात लिथियम जास्त झाल्याची. त्याला आम्ही टॉक्सिसिटी म्हणतो. वेळेत आवरलं नाही तर किडनी जाते, कधी जीवही जातो. लेव्हल तपासायची सोय तेव्हा इथं नव्हती. सँपल नागपूरला जायचं आणि रिपोर्ट आपल्या सवडीनं यायचा. मी गोळी थांबवली, सँपल पाठवलं, फिजिशियन मित्राच्या वॉर्डात तुळशीरामला भरती केलं आणि सलाईन लावायला सांगितलं. मग तिथंच चौकशीला बसलो.

“गोळ्या जास्त गेल्या का?”

“मीच मोजून देतो,” शकुनबाई म्हणाल्या.

“अंगदुखीची गोळी? जुलाब? पाणी कमी?”

नाही, नाही आणि नाही. माझं ज्ञान इथं संपलं. एप्रिलचं ऊन आणि घाम याला जबाबदार धरावं, असं मी जवळपास ठरवलं होतं. दोष उन्हाचा असला की डॉक्टरला बरं पडतं.

तेवढ्यात शकुनबाईंनी डब्बा उघडला. “साहेब, तुमी बी सकाळपासून उपाशीच असान. घ्या दोन घास.” मी घेतला. वांग्याची भाजी दिसायला झकास होती आणि तिला चवच नव्हती.

“मीठ विसरलात?”

“विसरन कायले? तुमीच त बंद करायले लावलं.”

“मी?”

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तेलाचे डाग पडलेला, चारी कोपऱ्यांना भाताच्या शितांची खळ. स्वयंपाकघराच्या भिंतीवरून काढून आणलेला. अक्षर माझंच होतं.

आता माझ्या हुशारीबद्दल. या आजारात मेंदूत नेमकं काय बिघडतं, हे पुरतं कोणालाच ठाऊक नाही. पण ‘ठाऊक नाही’ म्हणायची आमच्यात पद्धत नाही. एक मत असं आहे की पेशीतून सोडियम बाहेर काढणारा पंप मंदावतो आणि सोडियम आत साचतं. महिन्याभरापूर्वी मोठ्या हौसेनं मी त्याचं चित्र काढून दिलं होतं. एक गोल, त्याला दार, आत ठिपके. “हे ठिपके म्हणजे सोडियम,” मी म्हणालो होतो. “मिठात असतं ते.” पुढं काय करायचं हे मी सांगितलं नाही. त्यांनी ते स्वतः ठरवलं, आणि माझ्यापेक्षा सरळ विचार करून ठरवलं. मीठ आत साचतं, तर खायचंच कशाला?

गंमत अशी की शरीरात मीठ कमी पडलं की किडनी लिथियम धरून ठेवते. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पेशंटला मात्र चित्र दिलं.

“एकटा तुळशीराम आळणी खात होता?”

“एकट्याले कसं वाढणार? महिन्याभरापासून आमी नऊही जण आळणी जेवून राहिलो,” खेमराजभाऊ म्हणाले. “पोरंही.”

इतका तंतोतंत पाळलेला सल्ला मला आयुष्यात दुसरा आठवत नाही. नेमका तोच मी दिलेला नव्हता. मला मनापासून लाज वाटली.

शकुनबाई सलाईनच्या बाटलीकडे बघत होत्या. “याच्यात काय आहे, साहेब?”

“मिठाचं पाणी.”

त्यांनी डब्ब्याला झाकण लावलं.

तिसऱ्या दिवशी तुळशीराम सरळ चालला. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. डब्ब्यानं आधीच सांगितलेलं त्यानं शिक्क्यासकट सांगितलं. खेमराजभाऊंचा हट्ट कायम होता, गोळी नकोच. निर्णय शकुनबाईंनी दिला. “गोळी बंद केली त कासरे पुन्हा शेजारी ठेवा लागतीन. मले नाही जमत आता.” थोड्या दिवसांनी मी कमी डोसवर लिथियम पुन्हा सुरू केलं आणि प्रिस्क्रिप्शनवर गोळीच्याही वर लिहिलं, ‘मीठ नेहमीएवढंच.’ केमिस्टनं फोन करून विचारलं, हे कुठल्या कंपनीचं?

तेव्हापासून लिथियम लिहिताना मी आधी स्वयंपाकघराची चौकशी करतो. मेंदूची नंतर.

पुढच्या तपासणीला शकुनबाईंनी कासरे घरीच असल्याचं सांगितलं. जाताना तो तेलकट कागद टेबलावर ठेवला.

“हे तुमच्यापाशीच ठेवा, साहेब. दुसऱ्या कोणाले देऊ नका.”